होनोलुलूची खसखस

वसुधाबाई नवऱ्यासोबत, म्हणजे गुरुदत्तांसोबत, न्यू जर्सीहून होनोलुलूला लेकीकडे दिवाळीला आल्या, तेव्हा बॅगेत अनारशाचं पीठ होतं, साजूक तूप होतं, राहिली ती खसखस. ती गुरुदत्तांमुळे राहिली, असं त्यांचं ठाम मत. घरात काहीही राहिलं की ते गुरुदत्तांमुळेच राहायचं.

लेक दीपा कामावर गेली होती. उजाड उतारांवर रानझाडं परत लावायची, हे तिचं काम. "एवढं शिकून माळीणबाई झालीस," असं आई एकदा बोलून गेली, तेव्हापासून दीपा कामाबद्दल अवाक्षर काढत नसे. वसुधाबाईंना ते फार लागायचं. पण माघार घेणं त्यांच्या माहेरी कुणी शिकवलं नव्हतं.

फ्रिजमध्ये एक बरणी सापडली. वर दीपाच्या अक्षरात ‘पॉपी सीड्स’. पोरीनं आपल्यासाठी मुद्दाम खसखस आणून ठेवली! दाणे काळे आणि चांगले मोहरीएवढे. पण अमेरिकेत वांगी भोपळ्याएवढी होतात, मग खसखशीनंच काय घोडं मारलंय? त्यांनी बरणी ताटात उपडी केली आणि सढळ हातानं अनारसे थापले.

चार तळून झाले, वीस थापून तयार. गुरुदत्त ताटाभोवती घुटमळत होते.

"एक चाखून बघू का?"

"नैवेद्याच्या आधी? हात तर लावून बघा!"

तेवढ्यात दीपा आली आणि दारातूनच किंचाळली, "आई, दॅट्स नॉट फूड! ते पॉइझनस आहे!"

ती होती इथली काटेरी रानपॉपी, या बेटांखेरीज कुठेही न उगवणारी. दीपानं उन्हाळाभर हात ओरबाडून घेत हे बी गोळा केलं होतं. सोमवारी पेरणी होती.

गुरुदत्तांनी एक दाणा चष्म्याजवळ धरला. "अगं, हा तर आपल्या पिवळ्या धोतऱ्याचा भाऊबंद. तेलात भेसळ करतात ना, तो!"

"बघा, नैवेद्यानं वाचलात," वसुधाबाई म्हणाल्या आणि लेकीकडे वळल्या. दीपा खुर्चीत बसून रडत होती.

वसुधाबाईंनी पदर खोचला. थापलेले अनारसे कोमट पाण्यात सोडले. गूळ विरघळला, पीठ सुटलं. मग तांदळातले खडे काढावेत तसं रोळून रोळून त्यांनी बी वेगळं केलं, पांढऱ्या पंचावर पसरलं आणि चिकटलेला कण न् कण नखानं काढला. कंबर मोडली, पण त्या उठल्या नाहीत. तळलेलं बी गेलं ते गेलंच. बाकीचं पाऊण बरणी भरलं.

दीपा केव्हाची बघत होती. "लॅबमध्ये एवढ्याला दोन दिवस लागतात, आई." मग म्हणाली, "मंडेला येशील माझ्याबरोबर? पेरायला माणसं कमी आहेत."

वसुधाबाईंना इतकं बरं वाटलं, की डोळे भरून आले. ते दिसू नयेत म्हणून त्या नवऱ्याकडे वळल्या.

"अहो, रविवारचं माझं परतीचं तिकीट कॅन्सल करा. तुमचं राहू दे."