ऐकून राह्यले न?

मंगळवार हा माझा आवाज भरण्याचा दिवस. कोचीत मला तेव्हा दोन वर्षं होत आली होती. मट्टनचेरीच्या एका अरुंद गल्लीत, मसाल्याच्या गोदामावरची एक खोली मी भाड्याने घेतली होती. खिडकीतून समुद्र दिसत नसे, पण त्याची ओल घरभर असे. मिठाला पाणी सुटायचं, घरून आणलेले पापड मऊ पडायचे, पुस्तकांच्या पानांवर करडे ठिपके उठायचे. खालून मिरीचा आणि सुंठेचा वास येई, त्यामुळे मला सदानकदा शिंका येत. शिंका आल्या की काम थांबे, कारण माझं काम आवाजाचं होतं.

कंपनी हैदराबादची. तिथल्या ऑफिसात मी दोनदाच गेले होते. विदर्भातल्या कापूस पिकवणाऱ्या गावांमध्ये सकाळी सकाळी हजारो फोन वाजत आणि त्यांतून माझा आवाज मिनिटभर पिकाविषयी सांगे: हवा कशी राहील, कोणती अळी दिसू शकते, फवारणी केव्हा करावी. लॅपटॉप, माईक आणि बरं इंटरनेट असलं की हे काम कुठूनही करता येई. कोचीत कॉलेजातली एक मैत्रीण होती, आणि मला समुद्राजवळ राहून पाहायचं होतं, म्हणून मी तिथे गेले.

सुरुवातीला मजकूर छापील मराठीत असे. लोक पहिल्याच वाक्याला फोन कापत. मग मी वरच्यांना विचारून त्यात आमच्याकडचं बोलणं घातलं. आरंभी, "नमस्कार शेतकरी भाऊ, मी मोनाली बोलून राह्यली." आणि मुख्य गोष्ट सांगायच्या आधी, "ऐकून राह्यले न?" त्यानंतर मी थोडी थांबत असे, समोर माणूस असावा तशी. त्या थांबण्यानंतर लोक फोन कापेनासे झाले.

कोणी किती ऐकलं ते मला पडद्यावर दिसे. पूर्ण ऐकलेल्या नंबरासमोर हिरवा ठिपका येई. बाबांचा नंबर यादीत मीच घातला होता. त्यांच्याजवळ शेत नव्हतं. घाटंजी तालुक्यातल्या आमच्या गावात ते दुसऱ्यांच्या शेतांवर मजुरीला जात, पावसाळ्यात बहुतेक फवारणीला. पण फोन ते रोज शेवटपर्यंत ऐकत. चहा घेताना मी आधी त्यांचा ठिपका बघत असे. हिरवा, म्हणजे बाबा उठले, बरे आहेत, कामाला निघाले. खरं बोलणं रविवारी होई, तेही थोडंच.

"जेवली?"

"हो."

"समुद्र कसा आहे?"

"आहे तिथंच आहे, बाबा."

"ध्यान ठेव. पळून जाईन थो."

एकदा त्यांनी विचारलं होतं, "तू तिथं बसून राह्यते, मंग इथलं कसं समजते तुले?" मी जरा ऐटीत सांगितलं, "इथं बसून सारं समजते मले. कोनं फोन उचलला, कोनं अर्ध्यात कापला, सारं समोर दिसते." ते त्यांना फार आवडलं होतं. पुढचे कितीतरी दिवस ते गावात हेच सांगत फिरले, असं आई म्हणाली.

त्या मंगळवारी सकाळी ठिपका हिरवा होता. सप्टेंबर होता, दोन हजार सतरा साल. होड्यांचे भोंगे आणि कावळे आत येऊ नयेत म्हणून मी खिडकीला गादी लावली आणि पंखा बंद करून बुधवारपासूनचा सगळा आठवडा भरला. बुधवारचा मजकूर हवेचा होता: पुढचे दोन दिवस उघाड राहील, फवारणी राहिली असेल तर उरकून घ्या, तोंडाला रुमाल बांधा, वाऱ्याकडे पाठ करा. शिंकेमुळे मला तो पुन्हा भरावा लागला. दुपारी भात आणि तळलेली मांदेली खाल्ली. संध्याकाळी किनाऱ्याच्या भिंतीवर बसून पुस्तक वाचलं. अंधार पडल्यावर घरी आले. त्या दिवसाबद्दल याहून जास्त काही सांगण्यासारखं नाही.

बुधवारी संध्याकाळी माझ्या चुलतभावाचा, संघर्षचा फोन आला. "काका मारोतरावच्या वावरात पडले. फवारता फवारता. यवतमाळले नेऊन राह्यलो. तू निघ."

मी सकाळच्या विमानाने नागपूरला उतरले आणि बस धरली. त्या वर्षी कापूस माणसाच्या डोक्यावर गेला होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना हिरव्या भिंती उभ्या होत्या. बाबा ठेंगणे होते. पंपाची नळी त्यांना हात उंच करून वर धरावी लागत असणार, आणि वर मारलेलं सगळं खाली तोंडावर येत असणार. हे मला बसच्या खिडकीतून समजलं. कोचीच्या खोलीत, फवारणीविषयी इतकं बोलून, समजलं नव्हतं. कळंबच्या अलीकडे संघर्षचा पुन्हा फोन आला. "यवतमाळले उतरू नको आता," तो म्हणाला. "सीधी गावाले ये."

मी फोन ठेवला. थोड्या वेळाने हैदराबादला एक ओळ लिहून पाठवली, की हा नंबर यादीतून काढा. उद्या सकाळी त्या फोनवर माझा आवाज वाजायला नको होता.

बाबांना पांढऱ्या कपड्यात ठेवलं होतं. अंगाला साबण लावून धुतलं होतं, तरी हाताला फवारणीच्या औषधाचा वास होता. आईने मला बघितलं आणि सरकून जागा दिली. ती रडली नाही. त्रिसरण-पंचशील झालं, लोक उठले. त्या पावसाळ्यात आमच्या भागात फवारणीत माणूस गेलेली आणखीही घरं होती, त्यामुळे कोणी फार बोललं नाही. मारोतराव, ज्यांच्या शेतात बाबा त्या दिवशी होते, शेवटपर्यंत दूर कडुलिंबाखाली उभे राहिले आणि तिथूनच हात जोडून गेले.

पुण्यानुमोदन झालं. पाहुणे पांगले. संघर्षही आपल्या कामाला पांढरकवड्याला परत गेला. घरात मी आणि आई उरलो. आई माझ्याशी बोलत होती, पण तेवढ्यापुरतं. पाणी तापलं, भाकर झाकून ठेवली, असं. मला वाटलं, दुःखच आहे, वेळ लागेल. पण ती मध्येच माझ्याकडे बघे आणि मी बघितलं की नजर काढून घेई. त्यात दुःखाशिवाय आणखी काहीतरी होतं.

एका दुपारी आम्ही ओसरीत मुगाच्या शेंगा फोडत बसलो होतो. शेजारची चंदाबाई आली आणि बोलावल्यासारखी सुपाशी बसली. तिला गप्प राहता येत नाही, आणि त्या दिवसांत मला तेच बरं वाटे.

"तुहा फोन आला की तुह्या बापाची, धर्मपालची बादशाही पाहाची होती, मोना," ती म्हणाली. "इथंच बसे. आवाज मोठा करून. म्या म्हनलं, पोरगी बापाले भाऊ म्हनते रे. त मले म्हने, भाऊ म्हनते त म्हनू दे, शेतकरीही म्हनते न. सातबाऱ्यावर नाव नाही चढलं, पोरीच्या तोंडी तं चढलं."

आईच्या ओठांवर काहीतरी हललं.

"अन् बोले तुह्यासंग," चंदाबाई म्हणाली. "तू विचारे, ऐकून राह्यले न? त म्हने, हो बाई, ऐकून राह्यलो. मंग त्याचं सुरू. मोती कुत्रीनं पिल्लं देल्ली. नळाले पानी नाही."

"माझ्याशी?"

"मंग कोनासंग? म्या सांगतलं त्याले, बावा, टेप आहे थे. तं म्हने, टेप असती तं ऐकून राह्यले न, असं कायले विचारते?"

मी हसले. बऱ्याच दिवसांनी हसले असेन. बाबांचं ते बोलणं मला त्यांच्याच आवाजात ऐकू आलं. चंदाबाईही हसली आणि मग पदराने डोळे पुसून, गुरं यायची वेळ झाली म्हणत उठून गेली.

आई हसली नव्हती. तिने टरफलं एका बाजूला लोटली.

"डोळ्याचंही सांगतलं होतं तुले त्याइनं," ती म्हणाली.

"काय डोळ्याचं?"

"आता काय म्हनते काय डोळ्याचं. धुरकट दिसून राह्यलं म्हने. डोळे लाल. मळमळ. सोमवारपासून होतं. म्या म्हनत होती, घाटंजीले जाऊन दाखवून या. तं म्हने, मोनाले सांगतलं, थे सांगन काय कराचं तं. तिले तिथं बसून सारं समजते."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

"मंगळवारी सकाळी सांगतलं. म्या चुलीपाशी होती, ऐकलं म्या. बुधवारी तुहा फोन आला. तू म्हनली, दोन रोज उघाड आहे, उरकून घ्या." आई माझ्याकडे न बघता बोलत होती. "तं त्याइनं पंप उचलला. म्हने, मोना म्हनते उरकून घ्या. म्या अडवलं नाही. शिकलेली पोरगी सांगते, तं म्या कायले अडवू?"

मला त्या मंगळवारची खोली दिसली. खिडकीला लावलेली गादी, बंद पंखा, मिरीचा वास. जेवणाआधी मी 'उरकून घ्या' हे दोन शब्द पुन्हा भरत होते. त्याच सकाळी ते इथे, या ओसरीत, मी 'ऐकून राह्यले न?' म्हणून थांबले त्या जागी, मला आपले डोळे कसे झालेत ते सांगून कामाला गेले होते. मला फक्त हिरवा ठिपका दिसला होता. पूर्ण ऐकला. त्यांना वाटलं, मी ऐकते आहे. मला वाटलं, ते ऐकत आहेत. आम्ही दोघंही रोज समाधानाने दिवसाला लागत होतो.

"तुह्यावर राग नाही माहा," आई म्हणाली. "पयले आला होता. तू आली तवा तुह्याकडे पाहावलं नाही मले. पन म्या इचार केला. इतक्या दूरून तुले चेहरा थोडी दिसते. डोळे किती लाल होते थे तुले कसं समजन. तुले वाटलं असंन, साधंच आहे, होते बरं. तू काही वाईट मनानं नाही सांगतलं."

तिने मला माफ केलं होतं. मी न केलेल्या गोष्टीसाठी, मनाशी झगडून, दहा-बारा दिवस घेऊन, तिने मला माफ केलं होतं. मला वाटलं, हे असंच राहू द्यावं. माझ्यापाशी राहील. मी बोलले तर तिचा नवरा एका यंत्रापाशी बसून आपलं दुखणं सांगत होता, असं होईल. आणि स्वतःला नंबर लावता येत नसला तरी तिला मला फोन करता आला असता, संघर्षला सांगून, मारोतरावांच्या घरून, कसाही, तो तिने केला नाही, कारण मला माहीत आहे असं ती समजत होती. ते तिच्या वाट्याला येईल. माझ्या वाट्याला जे आलं आहे ते मी पुस्तकांत, कामात, कुठे तरी ठेवू शकेन. तिला ते कुठे ठेवता येणार होतं? तिला तर याच ओसरीत बसायचं होतं.

मी शेंगा फोडत राहिले. आईने सूप उचलून मूग पाखडले. फोल उडून अंगणात गेलं. तिचा चेहरा मी आल्यापासून पहिल्यांदाच थोडा मोकळा झाला होता. बोलून टाकल्यावर माणूस होतो तसा.

"तू जा आता," ती म्हणाली. "किती रोज राहशीन. काम खोळंबलं असंन तुहं. तू आली तवापासून सकाळचा फोनही बंद आहे."

"हो."

"बंदच राहीन. तू इथं बसली तं तिथून बोलन कोन." तिने सूप खाली ठेवलं. "फोन म्या जपून ठेवला आहे. संघर्षनं सांगतलं तसा रोज चार्ज करते. तू गेली का कर मंग सुरू. म्या घेत जाईन."

"आई, तुला काय करायचं आहे कापसाचं?"

"कापसाचं नाही. गुडघा धरते माहा, छातीतही भरल्यासारखं होते राती-बेराती. घडोघडी कोनाच्या घरी जाऊन तुले फोन लावून द्या म्हनाव, तं नाही जमत मले. तू सकाळी विचारशीन, तवा सांगत जाईन. थे सांगत तसं." ती माझ्याकडे बघत होती, नजर न काढता. "तू ऐकशीन न?"

शेजारी चंदाबाईच्या अंगणात गुरं येत होती. मी टरफलांचा हात पुसला आणि तिच्या गुडघ्यावर ठेवला.

"माय," मी म्हटलं, "मले तिथून काहीच ऐकू येत नाही. बाबाचं एक बोलनंही मले कधी ऐकू आलं नाही."