तेवीस नंबरची जर्सी

ऑर्विलच्या तळघरात वॉल्ट ड्रेझनरची टोपी आहे, बूट आहेत, तडकलेली बॅट आहे आणि काचेखाली बेसबॉलच्या त्या थोर खेळाडूने चघळून टाकलेली एक दातकोरणीही आहे. ऑर्विलची बायको त्या दातकोरणीपायीच सोडून गेली असं गावात म्हणतात. मी काही म्हणत नाही. लेस्टर गेल्यापासून मला कशाबद्दलच काही म्हणावंसं वाटत नाही.

लेस्टर म्हणजे माझा नवरा. फेब्रुवारीत गेला. चर्चमध्ये मी रडले नाही, तर लोक म्हणाले, इर्मा खंबीर आहे. खंबीर कसली! भूल दिलेल्या हिरडीला जीभ लावून बघावी तशी मी स्वतःला अधूनमधून चाचपून बघत होते. काहीच लागत नव्हतं.

जुलैत मी त्याचे कपडे चर्चमधल्या जुन्या कपड्यांच्या विक्रीसाठी खोक्यांत भरायला काढले. लेस्टरचा लहानपणापासूनचा दोस्त म्हणून ऑर्विल खोकी उचलायला आला. ड्रॉवरच्या तळाशी लेस्टरची बेसबॉलची जुनी जर्सी होती. ऑर्विलने सवयीने तिचा खालचा काठ उलटून पाहिला आणि मटकन पलंगावर बसला. आत लाल दोऱ्याने नाव भरलेलं होतं. ड्रेझनर.

"इर्मा, अगं ही ड्रेझनरची आहे!"

"आधी त्याची होती. मग लेस्टरची."

त्या काळी मोठे संघ वापरलेले गणवेश छोट्या गावांच्या संघांना देऊन टाकायचे. आमच्या गावाला आले तेव्हा त्यांवरचे आकडे बदलायचं काम माझ्या आईने घेतलं होतं. ड्रेझनरचा आठ मीच उसवला आणि त्याच जागी लेस्टरचा तेवीस मीच शिवला. आमची ओळख त्यातूनच झाली.

"मग तो आठ कुठाय?" ऑर्विलचा आवाज चिरकला.

"त्या आठाने आईने स्टोव्ह पुसला. लोकरीचा होता, छान पुसायचा."

त्याने डोळे मिटून घेतले. "सगळा देश पालथा घातला मी या जर्सीसाठी. आणि त्या गाढवाने एका शब्दाने सांगितलं नाही!"

"सांगितलं असतं तर तू मागितली असतीस."

"आता मागतो. पण तेवीस काढून आठ लावावा लागेल गं, नाहीतर ती त्याची वाटणार नाही. आणि त्याला दुसऱ्या कुणाचा हात नको. टाके तुझे आहेत, तूच उसव."

"उसवते," मी म्हटलं. कापडच तर होतं.

स्वयंपाकघराच्या टेबलावर जर्सी पालथी घालून मी कात्री घेऊन बसले. समोर ऑर्विल श्वास रोखून. त्याच्यासाठी केक कापून ठेवला होता, तो तसाच राहिला.

तेवीसमधल्या दोनने दमवलं. टाके इतके पक्के की दोरा तुटता तुटेना. मला जरा नवल वाटलं, कारण माझा टाका कच्चा, हे आमच्या घरात ठरूनच गेलं होतं. त्या उन्हाळ्यात तीनचा खालचा कोपरा सारखा सुटायचा आणि लेस्टर जर्सी घेऊन दारात उभा राहायचा. आई मला फाडून खायची. मी शरमेने खाली मान घालून तेवढा कोपरा घाईघाईने टाचून द्यायचे. लग्नानंतर कुणाच्याही शर्टाचं बटण तुटलं की लेस्टर म्हणायचा, "इर्माचा टाका!" शेवटी मी शिवणच सोडलं होतं.

मग तीन निघाला. खालचं कापड ऊन न लागल्याने पांढरं राहिलं होतं. आणि नेमक्या त्या कोपऱ्यात बारीक, सरळ चिरा होत्या, एकीशेजारी एक. दोरा झिजून सुटला तर कापड असं चिरत नाही. आकड्याखाली पातं घालून टाके कापले तर चिरतं.

"ऑर्विल, लेस्टर तेव्हा चाकू बाळगायचा?"

ऑर्विलचे कान लाल झाले. तोही त्याच संघात होता. "तुला खरंच माहीत नव्हतं? संघाच्या अख्ख्या बसला माहीत होतं, तुझ्या दारात यायला तो काय करायचा ते."

"चोर!" मी ओरडले. "जन्मभर माझ्या टाक्याला नावं ठेवलीस! आईची बोलणी खाल्ली मी!" इतका राग आला, की मी वळून बाहेरच्या खोलीत लेस्टरच्या खुर्चीकडे बघितलं. भांडायला तो तिथे नव्हता. फेब्रुवारीपासून नव्हता. तेव्हा कुठे ते मला लागलं, आणि मी टेबलावर डोकं टेकून रडले.

बऱ्याच वेळाने ऑर्विल पुटपुटला, "आठ लावला की चिरा झाकल्या जातील." त्याचं त्यालाच ते पटलेलं दिसत नव्हतं.

मी डोकं वर केलं आणि उसवलेला तीन परत त्या चिरांवर ठेवला.

"बरं," तो म्हणाला आणि त्याने दोऱ्याचं रीळ माझ्याकडे सरकवलं. "तेवीसच लाव. माझ्याकडे दातकोरणी आहे."

मी सुईत दोरा ओवला. दोन पक्का शिवला. तीनही शिवला. त्याचा खालचा कोपरा तेवढा सोडून दिला.