चार किलोंची फळी

मंगळवार, १४ नोव्हेंबर २०१७. सकाळचे दहा वाजून दहा मिनिटे. ‘हॅरोथ्वेट’ वृद्धनिवासातल्या चोवीस रहिवाशांच्या वजनांचे तक्ते माल्कम थ्रेलफॉल यांनी जेवणाच्या टेबलावर महिनावार मांडले होते. निवास खासगी होता. पण तिथल्या बहुतेकांना कौन्सिल, म्हणजे तिथले स्थानिक प्रशासन, आपल्या खर्चाने पाठवत असे, आणि पाठवलेल्यांची निगा नीट राखली जाते का, हे पाहणे माल्कम यांचे काम होते.

“कौन्सिलचा माणूस येणार म्हटलं की इथं मांजरालासुद्धा आंघोळ घालतात,” खिडकीशी बसलेल्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आयव्ही क्लेग त्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या.

माल्कम हसले नाहीत. त्यांचे बोट जुलैच्या रकान्यावर थांबले होते. त्या महिन्यात चोवीसही जणांचे वजन चार-चार किलोंनी वाढलेले होते. कौन्सिलमध्ये येण्यापूर्वी त्यांनी वजनकाट्यांच्या कारखान्यात अठरा वर्षे काढली होती. चोवीस देह एका महिन्यात असे एकमताने वागत नाहीत.

व्यवस्थापिका नोरीन यांनी ही वाढ नव्या स्वयंपाकिणीचा हातगुण मानली होती. आकडे पाहून डॉक्टरांनी सर्वांचे पौष्टिक दूध बंद केले. पुढे वजने उतरू लागली, पण जूनच्या आकड्याखाली कुणी गेले नाही, म्हणून कुणी दचकलेही नाही.

माल्कम उठून रहिवाशांना तोलायच्या, काटा बसवलेल्या खुर्चीत बसले. गेल्याच आठवड्यात दवाखान्यात त्यांचे वजन बहात्तर भरले होते. खुर्चीने शहात्तर दाखवले. त्यांनी वाकून पाहिले. पाय टेकायला खुर्चीलाच ओकची जाड फळी जोडलेली होती.

ती डेरेकने बसवली होती. डेरेक तिथला दुरुस्तीकाम करणारा. बुटक्या म्हाताऱ्यांचे पाय लोंबकळतात, हे त्याला बघवेना. म्हणून त्याने जुलैमध्ये स्वखर्चाने फळी आणली, कुणाला टोचू नयेत म्हणून तिच्या कडा घासून गोल केल्या. काटा पुन्हा शून्यावर आणायला हवा, नाहीतर फळीचे वजनही माणसाच्या वजनात धरले जाते, हे त्याला ठाऊक नव्हते आणि त्याला कुणी विचारलेही नाही.

फळी काढून आयव्हींना पुन्हा बसवले. तक्त्यावर पंचेचाळीस होते. भरले एक्केचाळीस.

नोरीननी दार लोटून घेतले. चार खोल्या आधीच रिकाम्या आहेत. अहवाल गेला की कौन्सिल नवी माणसे पाठवणे थांबवील आणि घर उन्हाळ्यापर्यंतही तगणार नाही, हे त्यांनी आवाज न चढवता सांगितले.

“दूध आजपासून सुरू करते. महिन्याने या, स्वतः वजनं घ्या, मग काय ते लिहा. इतकंच मागते, माल्कम.”

“सप्टेंबरात मी आलो होतो,” ते म्हणाले. “याच तक्त्याखाली माझी सही आहे. स्वयंपाकिणीचं कौतुकसुद्धा मीच केलंय.”

“मग तर तुमचीही मान अडकलीये.”

“म्हणूनच आज लिहायला हवं.”

निघताना आयव्हींनी त्यांची बाही धरली. म्हाताऱ्यांचे कान अशा वेळी नेमके तिखट असतात.

“भुकेचं काय एवढं, बाबा. लढाईच्या काळात काढलेत दिवस. पण परक्या घरात माझी कथा पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावू नकोस. तेवढा दम नाही आता.”

माल्कम यांनी त्याच दिवशी अहवाल लिहिला. त्यातल्या दोषींच्या यादीत त्यांनी पहिले नाव स्वतःचे घातले, आणि फळी सद्भावनेने बसवली होती, हेही लिहिले. त्या वाक्याला नियमावलीत जागा नव्हती.

मार्चअखेर हॅरोथ्वेट बंद झाले. माणसे नऊ ठिकाणी पांगली.

मेमध्ये माल्कम तपासणीसाठी वीस मैलांवरच्या एका निवासात गेले. लख्ख मजला, वेळच्या वेळी नोंदी. काटा त्यांनी स्वतः तपासला, अचूक होता. आयव्ही भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. माल्कम यांनी हाक मारली, मग समोर जाऊन आपले नाव सांगितले. आयव्हींनी नुसते पाहिले.

“त्या बोलत नाहीत,” सेविका आपुलकीने म्हणाली. “आल्यापासून एक शब्द नाही. पहिल्यापासूनच अशा असतील, नाही? पण जेवतात मात्र छान.”

तिने तक्ता पुढे केला. माल्कम यांनी आकडा वहीत उतरवला. आयव्ही क्लेग, सेहेचाळीस किलो. सहा महिन्यांत पाच किलो वाढ.