न विझवलेला कॉम्प्युटर

धाकट्या लेकीने लग्न केलं आणि सासरी जाण्याऐवजी नवऱ्यालाच आमच्या घरी राहायला आणलं, त्या वर्षीची ही गोष्ट. जावईबापू शाळेत भूगोल शिकवत. येताना त्यांनी दोन बॅगा, एक कुंडी आणि एक कॉम्प्युटर आणला. आमच्या बेकरीच्या मागच्या खोलीत, मैद्याच्या पोत्यांपासून लांब, खिडकीखाली तो मांडला.

माझा त्याच्याशी संबंध रविवारपुरता. माझी थोरली बहीण, अक्का, लेकीकडे परमुलखात राहायची. तिचे कान पार गेलेले, म्हणून फोन निरुपयोगी. कॉम्प्युटरवर मात्र मी तिला दिसायचो, आणि माझे ओठ वाचून ती सगळं ओळखायची. तेव्हा आमच्या घरातल्या एकाही फोनला कॅमेरा नव्हता. अशात एका सोमवारी अक्काच्या हृदयाची शस्त्रक्रिया ठरली. जे बोलायचं ते आधीच्या रविवारी.

त्याच्या आधीच्या आठवड्यात एका दुपारी मी मागच्या खोलीत गेलो आणि कॉम्प्युटरच्या डब्यावर हात टेकला. भट्टीवाल्याची खोड, कशालाही आधी तळहात लावून बघायचा. डबा चांगलाच तापलेला, आतला पंखा धापा टाकत होता. सकाळपासून त्याच्यासमोर कोणी बसलं नव्हतं.

मी म्हणालो, "हा एकटाच काम करतोय."

"घरात कोणीतरी करतंय म्हणायचं," बायको जावयाकडे न बघता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी इंटरनेटच्या कंपनीतून फोन आला. तुमच्या घरातून सतत कचरा बाहेर जातोय, यंत्र साफ करून घ्या, नाहीतर लाइन बंद करावी लागेल, असं तिथली मुलगी म्हणाली. जावईबापूंनी तिला ठग ठरवून फोन ठेवला. मग बिलावरच्या नंबरला स्वतः फोन करून खात्री केली. गोष्ट खरी निघाली.

मला रविवारची काळजी होतीच, पण खोटं कशाला सांगू, कुतूहलही तेवढंच होतं. आपल्या घरातून, आपल्या नाकासमोरून, रोज काय बाहेर जातं?

दुरुस्तीवाली बाई आली. तिने खुर्ची ओढली, काही बटणं दाबली आणि हात मांडीवर ठेवले.

"आता कोणी काही करू नका. नुसतं बघा."

पडद्यावर आकडे भराभर चढत होते. पाठवलं, पाठवलं, पाठवलं. आम्ही चौघं हाताची घडी घालून उभे.

"कोण पाठवतंय?" मी विचारलं.

"तुमचाच कॉम्प्युटर. हुकूम दुसऱ्याचा. आत एक चोरटा प्रोग्राम शिरलाय. अशी हजारो घरांतली यंत्रं एकाच माणसाच्या ताब्यात असतात. त्याने इशारा केला की सगळी एकदम इंटरनेटवरच्या एखाद्या दुकानाच्या दारात जाऊन उभी राहतात. घ्यायचं काही नाही, नुसती गर्दी. खरं गिऱ्हाईक बाहेरच राहतं. दुकानदार शेवटी कंटाळून म्हणतो, काय हवं ते घे पण यांना हटव."

"म्हणजे घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या," बायको म्हणाली.

"आणि वीजही घरचीच," लेक म्हणाली.

"तो आत्ता आपल्याला बघतोय का?" मी जरा मागे सरकलो.

"बघेल कशाला, काका? त्याच्या लेखी तुम्ही कोणीच नाही. म्हणून तर तुमच्या लक्षात येत नाही." मग तिने विचारलं, "हा शेवटचा बंद कधी केला होता?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"बंद?" बायको म्हणाली. "बंद कशाला करायचा?"

बाहेरच्याला हे विचित्र वाटेल. विटांची भट्टी आमच्याकडे आजोबांच्या काळापासून विझलेली नाही. गार पडली की विटांना भेगा जातात आणि परत तिचा ताव बसेपर्यंत पाव कच्चे निघतात. घरात मयत झालं तरी एकजण विस्तवापाशी बसायचा. कॉम्प्युटरलाही आम्ही तोच नियम लावला होता. झाडताना चुकून धक्का लागू नये म्हणून बायकोने बटणावर चिकटपट्टी लावली होती. मध्येच पडद्यावर चौकट यायची, आता पुन्हा सुरू करायचं की नंतर? मी अक्षराला अक्षर जोडून ती पूर्ण वाचायचो आणि 'नंतर' दाबायचो. जावईबापू न वाचताच दाबायचे.

बाई हसली नाही. "यंत्र बनवणारे भोकं बुजवायला दुरुस्त्या पाठवतात. पण यंत्र बंद करून पुन्हा सुरू केल्याशिवाय त्या लागू होत नाहीत. गवंडी दारात उभा, आणि तुम्ही रोज त्याला सांगताय, नंतर ये."

"आणि चोर?"

"चोर भोकातून आला. केकच्या नक्षीची कसली फुकट फाइल उतरवलीत, तिच्या आडून."

जावईबापू कुंडीला पाणी घालायला गेले.

सगळं पुसून नव्याने बसवावं लागेल, असं ती म्हणाली. चिकटपट्टी मीच काढली. बटण दाबताना बोट अडखळलं. पंखा थांबला आणि खोली एवढी शांत झाली की पुढच्या दुकानातलं बोलणं ऐकू आलं.

काम शनिवारपर्यंत चाललं. तोवर कंपनीने लाइन तोडली होती. जावईबापू शाळेतून थेट त्यांच्या कचेरीत गेले, बाकावर बसून राहिले आणि तपासणी करवूनच उठले. रविवारी दुपारी लाइन आली. जावईबापूंनी सगळे पासवर्ड बदलले, पडद्यावर चौकट आली तेव्हा मोठ्याने वाचून 'आता' दाबलं, आणि यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत आम्ही सगळे उभे राहिलो.

अक्का दिसली. खाटेवर बसलेली, केस विंचरलेले.

"मिशी काप, बाळ्या," ती म्हणाली. "निम्मे शब्द केसात अडकतात."

"उद्या कापतो. भीती वाटते का?"

"तुझ्या मिशीची?" ती हसली. "उशीर का केलास?"

मी सगळं सांगितलं, सावकाश, ओठ नीट हलवत. आपलं यंत्र परक्याच्या हुकमाने कुणाच्या तरी दारात उभं होतं, हे तिने दोनदा सांगायला लावलं.

"कोणाच्या दारात?"

"ते कळायला मार्ग नाही म्हणे."

"तुला विचारावंसं वाटलं ना?"

"सारखं वाटतं."

"मलाही वाटेल आता," अक्का म्हणाली. "त्या दुकानदाराने मग दार बंद केलं, की उघडं ठेवलं?"

तिच्या लेकीने तिला औषधासाठी हाक मारली, म्हणजे खांद्याला हात लावला. अक्काने माझ्याकडे बघत पदर सारखा केला आणि पडदा काळा झाला.

सोमवारी तिची शस्त्रक्रिया झाली. ती शुद्धीवर आली नाही. मंगळवारी सकाळी, पहिली खेप भट्टीतून बाहेर यायच्या वेळी, अक्का वारली.