मोकळं जेवणघर

जुन्या घराचं जेवणघर नवं करायचं भूत आमच्या ह्यांच्या मानगुटीवर बसलं. तिथलं अवाढव्य टेबल सासऱ्यांनी त्याच खोलीत सुताराकडून करून घेतलेलं, त्यामुळे ते दारातून निघेना. पण आमचे हे म्हणजे हुशारीचा कळस! त्यांनी चौकटच फोडली आणि टेबल अंगणात काढलं. मग भिंतींना रंग लागला, झुंबर आलं, आणि दाराला जुन्याच मापाची नवी चौकट बसली, चांगली सिमेंटमध्ये पक्की.

"अरे, टेबल कुठून आत घेणार?" सासूबाईंनी विचारलं.

ह्यांनी रिकाम्या खोलीत मधोमध उभं राहून हात पसरले. "आई, खोली किती मोकळी वाटते बघ!"

वाटणारच. आम्ही सगळे अंगणात जेवतोय.