सिद्धेश्वरीचा आहेर

चन्नवीर सरांचं प्रदर्शन भरवायचं मी मनावर घेतलं, तेव्हा लोक हसले. "सिद्धेश्वरी, चित्रं आहेत कुठं?" म्हणाले. खरंच होतं ते. चाळीस वर्षं सोलापुरात शाळेत चित्रकला शिकवली, दर रविवारी लूनावरून माळ पालथे घालून शेकडो चित्रं रंगवली, आणि सरांच्या घरात भिंती कोऱ्या! सगळी वाटून टाकली या भल्या माणसानं.

वाटली म्हणजे आहेर केली. हाताखाली शिकून गेलेल्या मुलीचं लग्न ठरलं की सर तिच्या गावी जायचे, दिवसभर उन्हात बसून तिचं शिवार रंगवायचे आणि लग्नात तिच्या हातात द्यायचे. म्हणायचे, "सासरी भिंतीवर माहेर असू दे." असा आहेर कुणी केलाय का सांगा! पुण्याच्या मोठ्या कॉलेजनं बोलावलं, तर म्हणाले, "तिकडं डोंगर लई, आभाळ कुटं दिसतंय?" आणि माळावरचं आभाळ रंगवावं तर त्यांनीच. तयार हिरवा रंग त्यांनी आम्हाला कधी वापरू दिला नाही. पिवळ्यात थेंबाथेंबानं निळा घालायचा. आज मी माझ्या शाळेत तेच शिकवते.

पण खरं सांगते, मनात एक सल होता. माझं लग्न ठरता ठरता मोडलं, पुढं मी केलंच नाही. म्हणजे सरांची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी मी, आणि माझ्याच भिंतीवर नुसतं कॅलेंडर! मागायला जीभ रेटली नाही. आहेर काय मागून घ्यायचा असतो?

तर मी चित्रं गोळा करायला निघाले. माढ्याची प्रेमला दारातच म्हणाली, "भिंतीवरचं माहेर काढून देऊ? जमायचं नाही." अक्कलकोटच्या हेमावतीचंही तेच. डोकंच फिरलं माझं. "अगं, तो माणूस एकोणऐंशीचा झालाय, डोळे चाललेत त्यांचे. स्वतःची चित्रं एकदा एका जागी बघू दे की त्यांना!"

"मग चित्राबरोबर आम्हीपण येणार," म्हणाल्या. आणि पत्ता लागला तेवढ्या आल्या की सगळ्या! हॉलमध्ये सदतीस चित्रं, प्रत्येकीखाली... नव्हे, प्रत्येकाखाली एकेक बाई राखणीला उभी. सर एकेका चित्राला नाक टेकेपर्यंत जवळ जायचे. "ती विहीर हाय का गं अजून?" विचारायचे. बघून ऊर भरून आला. मी मात्र दाराशी पाणी वाटत होते. मला उभं राहायला चित्रच नव्हतं.

तेवढ्यात सर माझ्याकडं आले. काखेत चादरीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. "हे कुटं लावायचं?"

चादर सोडली. आमचा बांध, दोन बाभळी, कडब्याची गंजी, मागं आमच्या घराचं माळवद. चित्राच्या पाठीवर साल होतं एकोणीसशे शहाण्णव.

"तुझं ठरलं तवाच काढलं होतं. मोडलं, मग म्हटलं, आता दिलं तर पोरीला लागेल. दुसरं ठरेल म्हणून थांबलो, ट्रंकेत ठेवलं." सरांचा आवाज बारीक झाला. "चुकलं बघ माझं. माहेर काय लग्न झालेल्यांनाच असतं व्हय?"

"इतकी वर्षं, सर!" मी भांडायलाच निघाले होते, पण रडूच फुटलं.

पाण्याचा जग मी प्रेमलाच्या हातात दिला, चित्र भिंतीवर टांगलं आणि त्याच्याखाली जाऊन उभी राहिले.