गाठ नसलेला वसंत

"मागून गोंद लावल्याशिवाय हे पोरीच्या हाती देऊ नकोस हं. यात गाठ नसते."

टाचणीकाकूंनी हे मला एकदा नाही, दोनदा बजावलं होतं. काकू आमच्या डोक्यावर राहतात, म्हणजे वरच्या मजल्यावर, एकट्याच. शिवणकाम करतात आणि कायम ओठांत चार-पाच टाचण्या धरून बोलतात. त्यामुळे त्या काय सांगताहेत यापेक्षा आता एखादी गिळतात की काय, इकडेच माझं सगळं लक्ष. मी "हो हो" म्हटलं, खाली आले आणि गोंदाच्या बाटलीवरचा बारीक मजकूर वाचला. 'लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये.' झालं! मी चमचे दोनदा उकळणारी बाई. बाटली थेट माळ्यावर गेली.

त्याचं असं होतं, की सोमवारी माझी रजा संपत होती. आमची ठकी चौदा महिन्यांची. ती पाळणाघरात राहिली, तर माझी नोकरी राहणार. नाही राहिली, तर... पुढचं वाक्य मी मनातसुद्धा पुरं करत नव्हते. शुक्रवारी चाचणी होती: दोन तास, आईशिवाय.

"घरची एखादी वस्तू बरोबर द्या," पाळणाघराच्या ताई म्हणाल्या होत्या. "आईच्या हातची असली तर फारच छान."

शहाण्या बाईने जुनी उशी दिली असती. मी वसंत ऋतू द्यायचं ठरवलं.

पंच नीडल नावाचं भरतकाम मी मोबाइलवर पाहिलं होतं. पोकळ सुईत लोकर ओवायची, गोल चौकटीत ताणलेल्या कापडात सुई खुपसायची, जराशी वर घ्यायची, शेजारी पुन्हा खुपसायची. कापडाच्या पलीकडे लोकरीचे फुगीर वेढे उभे राहतात. गाठ नाही, बीठ नाही. एकमेकांना खेटून बसतात म्हणून टिकतात.

"म्हणजे युनियन," नवरा म्हणाला.

पालवी फुटलेलं झाड, गुलाबी फुलं, फांदीवर एक पिवळा पक्षी आणि एक मधमाशी, एवढा माझा वसंत. पहिल्या दिवशी तो फुटेचना. मी सुई खुपसायची, टाका मागे यायचा. कापड घेऊन काकूंकडे गेले, ठकीला काखोटीला मारून.

काकूंनी माझा हात बघितला. "लोकर घट्ट धरून का बसलीयेस?"

"सुटू नये म्हणून."

"अगं, सोड की! तू ओढून धरलीस म्हणून टाका मागे येतो. सैल सोडलीस तर जागच्या जागी बसेल."

हे काकू लोकरीबद्दलच बोलत होत्या. मी खात्री करून घेतली.

"आणि ही काय? मांजर?"

"मधमाशी आहे, काकू."

"पक्ष्याला खाईल गं ती."

त्यानंतर आठवडाभर मी रोज वर जात होते, किंवा काकू खाली येत होत्या. "कात्री विसरले" म्हणून यायच्या आणि कात्री गळ्यातच लटकत असायची. मग ठकीला मांडीवर घेऊन माझे टाके तपासायच्या. त्या आल्या, की मी आधी त्यांच्या ओठांतल्या टाचण्या मोजायची आणि जाताना पुन्हा मोजायची. वर त्यांचं मशीन सुरू झालं, की ठकी छताकडे बोट करून "टट्ट-टट्ट" म्हणायची. सकाळी अकराला तर हटकून.

गुरुवारी वसंत पूर्ण झाला. हे काम कापडाच्या मागच्या बाजूने करतात, पुढची बाजू पलीकडे असते. नवऱ्याने मागचीच बाजू पाहून "वा! सुरेख!" म्हटलं. पुढची दाखवली, तर "अरे, ही पण छान आहे." या माणसाला काय दाखवायचं! मी कापड चौकटीतून काढलं, कडा दुमडून शिवल्या. गोंद नाहीच.

शुक्रवारी दहा वाजता ठकी आणि वसंत दोघांनाही ताईंच्या हवाली केलं आणि समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले. पहिल्या दहा मिनिटांत मी तिला ताप आणला, पाडलं, खेळण्यातलं चाक गिळायला लावलं. सगळं मनात. प्रत्यक्षात आतून एक किंकाळी नाही. हे तर जास्तच भयंकर.

चाळिसाव्या मिनिटाला फोन आला.

"जरा आत येता का?" ताई म्हणाल्या.

रस्ता कसा ओलांडला, आठवत नाही.

खोलीभर वसंत पसरला होता. ठकीला पक्ष्याच्या शेपटीशी लोकरीचं एक टोक सापडलं होतं आणि ते धरून ती चालू लागली होती. पक्षी गेला. मग पुढचं टोक, फुलं गेली. झाड अर्ध्यावर आलं होतं. पिवळी, गुलाबी, हिरवी लोकर खुर्च्यांच्या पायांतून, बादलीच्या कडीतून, ताईंच्या घोट्यांभोवती फिरली होती आणि मागे पाच पोरं खिदळत रांगत होती. मी आधी सगळ्यांचे गळे तपासले. ताईंचासुद्धा.

"रडली का हो?" मी विचारलं.

"कोण, ही? छे! ही मजेत आहे. आम्ही अडकलोय."

ठकीने मला पाहिलं. मी हात पसरले. तिने माझ्या हातात लोकरीचं टोक दिलं आणि पुन्हा कामाला निघून गेली.

शाबूत राहिली ती फक्त मधमाशी.

दोन तास पुरे करून घरी आल्यावर मी लोकरीचा गुंडा आणि उघडं पडलेलं कापड घेऊन वर गेले. आता बोलणी खायची तयारी होती. पण काकूंनी कापडाकडे पाहिलंच नाही. त्यांनी ओठांतल्या टाचण्या काढून डबीत ठेवल्या. हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

"रडली का?"

"नाही."

"एकदाही?"

"एकदाही नाही."

"अकराला... वर बोट-बिट केलं असेल ना?"

"काकू, तिथे वर पंखा आहे."

"हो गं. तेही खरंच." त्यांनी मशीनवरची नसलेली धूळ पुसली. "अकराला मी रिकामंच चालवते. दोरा न ओवता. ती खालून ओरडते ना, ते ऐकू येतं."

आम्ही दोघी जरा वेळ ठकीवर रुसून बसलो. ठकी चिंध्यांच्या टोपलीत बसून हसत होती.

शनिवार-रविवारी आम्ही दोघींनी वसंत पुन्हा भरला. गोंद काकूंनी लावला, मी चारही खिडक्या उघडल्या. आता तो पाळणाघराच्या भिंतीवर आहे, ठकीचा हात पोचणार नाही इतक्या उंच. ठकी तिथे मजेत राहते. नोकरीही राहिली. हे मी ऑफिसातच बसून लिहितेय.

पण आता सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा आमच्या घरात कुणी नसतं. काकूंचं मशीन ऐकायला कुणी नाही, टाचण्या मोजायला कुणी नाही. फोन केला, तर "मला काय धाड भरलीये?" म्हणतात, तेही टाचण्यांमधून, म्हणजे खरंच धाड भरली असली तरी मला कळायचं नाही. म्हणून म्हणते, तुम्ही आमच्या बाजूला आलात, तर तेवढं दोन जिने चढून जाल का? उजवीकडचं दार. अकराच्या सुमाराला जा. आतून मशीनचा आवाज येत असेल, तर ठीक. येत नसेल, तर बेल वाजवा, कात्री विसरल्याचं सांगा. त्यांना आधी टाचण्या तोंडातून काढायला लावा आणि मगच विचारा, कशा आहात म्हणून.